डोहातलं माहेर

चंदन नदीच्या डोहात बुडवलेल्या त्या काट्याकुट्यांच्या ढिगाला अनुसयाच्या घरात ‘माहेर’ म्हणत. दुसरे लोक काय म्हणत असतील ते म्हणोत बापडे. अनुसयाचा बाप दादाजी माहेरच म्हणायचा, आणि कोणी हसलं तर त्याला बसवून समजावून सांगायचा. उन्हाळ्यात नदी आटली की मासोळीनं जावं कुठं? वरून बगळे टपलेले, खालून जाळी. तिला दडायला चार काटक्या हव्यात, खायला शेवाळ हवं, आणि घटकाभर कोणी हटकू नये एवढं हवं. हे जिथं मिळतं त्या जागेला बायका काय म्हणतात, ते आपापल्या घरी जाऊन विचारा, असं तो म्हणे.

ते बांधायचं कामही लेचंपेचं नव्हतं. होळीच्या सुमाराला बोरीच्या फांद्या तोडायच्या आणि पाला झडेपर्यंत उन्हात टाकायच्या, कारण हिरवा पाला कुजला की पाणी नासतं आणि मासोळी तिकडे फिरकत नाही. बांबूचा सांगाडा करायचा, पळसाच्या मुळ्यांच्या दोरानं त्यात फांद्या गच्च आवळायच्या, खाली फुटक्या टोपल्यांत दगड भरून बांधायचे. मग सगळं डोंग्यावर, म्हणजे लहान होडीवर, चढवून डोहाच्या मधोमध सोडायचं. बोरीच का, तर जाळं फाटावं म्हणून. ‘बोरीले दोन काटे रायते, एक सरका अन् एक वाकडा,’ दादाजी सांगायचा. ‘सरका दिसते, वाकडा लागते.’ जाळं टाकणारा एकदा टाकून पाहायचा आणि चिंध्या घेऊन घरी जायचा.

माहेराचे कायदे होते. तिथं फक्त गरी, म्हणजे गळ, टाकायची, तीही काठाकाठानं, आणि कालवणापुरतं मिळालं की उठायचं. जेठ-आखाडात पोटात अंडी घेतलेली मासोळी गरीला लागली तर ती माहेरवाशीण. तिला मारायचं नाही. दादाजीची बहीण गोदाबाई अशा मासोळीच्या कपाळाला, म्हणजे जिथं कपाळ असावं असं तिला वाटे तिथं, हळदीचं बोट लावायची आणि दोन्ही हातांनी पाण्यात सोडायची. सारं गाव हसायचं. गोदाबाई म्हणायची, हसा बाप्पा, तुमच्या बायका बी कोणाच्या तरी माहेरवाशिनी हायेत. आणि शेवटचा कायदा असा की माहेराची जागा घराबाहेर कोणाला सांगायची नाही. महादेवाच्या देवळाचा कळस आणि वीज पडून फाटलेला अर्जुनाचा वृक्ष एका रेषेत आले, आणि दुसऱ्या बाजूनं वाळूतला काळा खडक धोबीघाटाच्या पायरीवर आला, की डोंगा थांबवायचा. बरोबर खाली माहेर. ही खूण दादाजीनं लेकीला दिली. तिचा धाकटा भाऊ तेजराम तेव्हा बालाघाटला सिनेमे पाहत हिंडत होता.

अनुसयाचं स्वतःचं सासर परसवाड्याकडे होतं. तिथं नवरा तापानं गेला, मूलबाळ झालंच नव्हतं, आणि दिरांनी वर्षश्राद्ध उरकल्या उरकल्या तिची पेटी गाडीत ठेवली. ती बापाकडे आली तेव्हा बाप खाटेला खिळलेला. जायच्या आधी त्यानं तेजरामला डोहाचं पाणी आणायला लावलं, त्याच्या ओंजळीत ओतलं आणि म्हणाला, “बोल, बाई जलमभर अथीच राहील.” तेजराम बोलला. डोळे भरून बोलला. पाणी त्याच्या बोटांतून गळून बापाच्या अंथरुणावर सांडलं, ते अनुसयाच्या नजरेसमोरून कधी गेलं नाही. ओसरीला लागून असलेली लहान खोली तिची झाली. तिला तेवढीच हवी होती. जगात दुसरी जागाच नव्हती हो तिला, मग जास्तीचं काय मागणार?

बाप गेल्यावर भाऊ वाईट वागला असं नाही. खोटं कशाला सांगा? तो वागलाच नाही. बाईनं भात लावला, कापला, गोठा सारवला, भावजय पुष्पलताच्या लेकरांचे शेंबूड पुसले, आणि तेजराम तिच्या बाजूनं असा जायचा, की जणू ती घरातला खांब आहे. खांबाला कोणी ‘जेवली का’ विचारत नाही. अनुसया दुपारी डोहावर जाऊन बसायची. तिथं तिचं मन लागायचं.

आणि यंदा काय झालं, तर होळीनंतर ती एकटी बोरीवर कोयता चालवत होती आणि मागून तेजराम आला. त्यानं तिच्या हातातून कोयता घेतला.

“काहून एकटीच मरून राह्यली बाई? मी का मेलो का?”

चार फांद्या तोडतो आणि पळतो, असं अनुसयाला वाटलं. तो पळाला नाही. त्याच्या हातांत काटे गेले, त्यानं ते दातांनी ओढून काढले आणि पुन्हा कामाला लागला. बांबू त्यानं फोडले, दगड त्यानं वाहिले. दोर आवळताना दोघं समोरासमोर बसली तेव्हा तो म्हणाला, “बाबा असता तं म्हन्ला असता, लय ढिल्ला बांधून राह्यला गा.” अनुसया हसली. मग पदर तोंडाला लावून रडली. भाऊ परत आला असं तिला वाटलं, आणि असं वाटण्यात तिची काय चूक होती? पाठचा भाऊ होता, तिच्याच कडेवर वाढलेला.

डोंगा मधोमध नेल्यावर त्यानंच विचारलं, “बाई, बाबा जागा कशी ओयखे?” तिनं त्याला उभं केलं, खांद्याला धरून वळवलं, कळस दाखवला, अर्जुन दाखवला, काळा खडक दाखवला. दोघांनी मिळून सांगाडा ढकलला. बुडबुडे येत राहिले, मग पाणी निवांत झालं. तेजराम बराच वेळ त्या जागेकडे बघत होता. त्याला बापाची आठवण येत असावी, असं तिनं धरलं.

मग रोजचा चारा. भाताचा कोंडा आणि चिकणमाती मळून ती गोळे करायची आणि माहेरावर सोडायची. पहिले काही दिवस नुसती चिंगळं आली. वैशाखात काटक्यांवर शेवाळ धरलं आणि मग मोठ्या मासोळ्या आल्या, रोहू, मरळ, खाली तळाशी बामसुद्धा. तेजराम संध्याकाळी विचारायचा, “किती जमल्या असतीन आता?” ती सांगायची, लय. त्याला गरीचा नाद नव्हता, तरी विचारायचा. घरातही वारं बदललं. पुष्पलता तिला आधी वाढायला लागली. तेजरामनं बाजारातून तिच्यासाठी लुगडं आणलं, हिरवं, चांगल्या काठाचं. “विधवेले हिरवं काहून आनलं गा?” तिनं विचारलं. “जमाना बदलला बाई,” तो म्हणाला. तिनं ते नेसलं नाही, पण पेटीत वरच्या वर ठेवलं आणि मधूनमधून काढून बघायची.

जेठात एके दिवशी तिच्या गरीला भली दांडगी रोहू लागली. पोट इतकं फुगलेलं की धरताना भीती वाटावी. गरी काढताना तिचा डावा ओठ टरकन फाटला. अनुसयाला वाईट वाटलं. गोदाबाईची झोपडी काठालाच होती, तिला हाक मारली. म्हातारी हळदीची पुडी घेऊन आली, बोट लावलं आणि म्हणाली, “जा वो बाई, सुखानं बाळंत हो.” रोहू जराशी तिच्या हातावर थांबली आणि मग शेपूट मारून गेली. तेजराम मागे उभा होता.

“येवढी मोठी सोडून देल्ली?” तो म्हणाला.

“माहेरवाशीन होती.”

“हौ,” तो म्हणाला, आणि पुन्हा त्या जागेकडे बघायला लागला.

दोन-चार दिवसांनी त्यानं स्वतः बैलगाडी जुंपली. “बाई, आत्याले घेऊन रामपायलीले जाऊन ये. रामाचं दर्शन घे. किती दिवस झाले, घरातून निंगालीच नाई तू.” अनुसया आत्याला घेऊन गाडीत बसली. गाडी वेशीबाहेर गेली तेव्हा तो हात जोडून उभा होता, देवाला निरोप देत असल्यासारखा. देवळात तिनं स्वतःसाठी काही मागितलं नाही, भावाच्या लेकरांसाठी मागितलं. आता बोला.

उन्हं कलली तेव्हा ती परत आली. अंगण सारवलेलं, ओसरीवर सतरंजी, आणि विहिरीपाशी टोपलंभर मासोळ्या. पुष्पलता लगबगीनं पुढं आली. “पाव्हने येऊन राह्यले बाई. जरा हात लावा. तुमच्या हातचं कालवन लागते त्यायले.”

“कोन पाव्हने?”

“यायच्या ओयखीचे. मोतीलालजी, भाताची गिरनी हाय त्यायची. ह्यायले गिरनीत मुनीम करनार हायेत.”

बरं आहे, म्हणून अनुसया विळीवर बसली. पहिली मासोळी चिरली आणि तिचा हात थांबला. मणका मधोमध मोडलेला होता. बाहेरून ओरखडा नाही, आतून मांस काळंनिळं. पोटातला फुगा फाटून चिंधी झालेला. दुसरी घेतली, तीही तशीच. तिसरीही. गरीनं मासोळीचा ओठ फाटतो, जाळ्यानं खवलं जातात. मणका कशानं मोडतो हे नदीकाठच्या पोराला विचारलं तरी सांगेल. खाणीतून कोणी लपवून आणलेला सुरुंगाचा टोटा पाण्यात फोडला की मोडतो. आणि एका टोट्यात इतक्या मासोळ्या सापडायच्या तर त्या आधीच एका जागी गोळा झालेल्या असाव्या लागतात.

प्रत्येकीच्या पोटात अंडी होती. पिवळ्या लोळ्याच्या लोळ्या. तिनं त्या परातीत काढल्या, परात भरली. टोपल्याच्या तळाशी सगळ्यात मोठी होती. तिचा डावा ओठ फाटलेला होता.

अनुसया म्हणाली, “पुष्पा, हे कोनं धरलं?”

पुष्पलतानं मान वर केली नाही. “जाळं टाकलं त्यायनं.”

“बोरीत जाळं?”

“मले नाई मालूम बाई. खानीतला एक जन आलता सायकलवर. मले अंदर जा म्हन्ले.” मग हळूच म्हणाली, “तुमी कालवन करा ना वो. पाव्हने येतीन आता.”

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तिच्याच हातानं खूण दाखवून घेतली, तिच्याच कोंड्यानं मासोळ्या पोसून घेतल्या, आणि वर तिलाच देवाला पाठवलं. अनुसयाला विळी भिरकावून उठावंसं वाटलं. पण दारात माणसं यायच्या वेळेला घरचे वाभाडे काढायचे नाहीत, असं बापानं शिकवलं होतं, आणि घर अजून बापाचंच आहे असं ती समजत होती. तिनं चूल पेटवली. सगळ्या मासोळ्या शिजवल्या. ओठ फाटलेली तेवढी बाजूला ठेवून वर केळीचं पान झाकलं.

पाहुणे दिवेलागणीला आले. मोतीलाल पन्नाशीचा, खाली बघून चालणारा माणूस. सोबत त्याचा काका चैतराम, पांढऱ्या मिशांचा आणि मोकळ्या तोंडाचा. पुष्पलता धावत अनुसयाच्या खोलीत आली. “बाई, ते हिरवं लुगडं नेसा ना. तुमचे भाऊ म्हनून राह्यले.” अनुसयाला अजूनही उमगलं नाही. राग इतका भरला होता डोक्यात, की दुसरं काही शिरायला जागाच नव्हती. ती अंगावरच्या जुन्या लुगड्यातच वाढायला गेली.

चैतरामनं पहिला घास घेतला आणि मान डोलावली. “हाताले चव हाय पोरीच्या. मोती, तुह्या लेकरायचे हाल संपले गा आता.” मग तेजरामकडे वळला. “मंग पाट कवा लावायचा? आखाड लागाच्या पह्यले उरकून टाकू. पोरीची मर्जी हाय म्हनतं तं कायले थांबाचं?”

अनुसयाच्या हातात कालवणाचं भगुणं होतं. होळीपासूनचं सगळं तिला एकदम दिसलं. कोयता, दातांनी काढलेले काटे, आधी वाढलेलं ताट, हिरवं लुगडं. तीसुद्धा कोंडाच खात होती, आणि किती आवडीनं खात होती!

त्यांच्या जातीत पाट लावणं काही वावगं नव्हतं. रांडावल्या बायका पुन्हा संसाराला लागतात, त्यात लाजण्यासारखं काय? मोतीलाल दिसायला वाईट माणूस नव्हता. भावानं समोर बसवून विचारलं असतं, की बाई, असं असं स्थळ आहे, तुझ्या मनात काय, तर तिनं रात्रभर विचार केला असता. कदाचित हौसुद्धा म्हणाली असती. पण विचारायचं कोणाला? खांबाला?

तिनं भगुणं खाली ठेवलं. “मामाजी,” ती चैतरामला म्हणाली, “मर्जी कोनं सांगतली?”

चैतरामचा घास हातातच राहिला. मोतीलालनं पहिल्यांदा मान वर केली. “तेजरामजी म्हन्ले,” तो म्हणाला, “का तुमी सोताच म्हन्लं म्हनून. तुमाले मालूम नोहतं का?”

“मले आता मालूम होऊन राह्यलं.”

तेजराम हसायला गेला. “लाजते ते. बायकायचं असंच रायते. बाई, तू अंदर जा.”

अनुसया अंदर गेली, आणि केळीच्या पानावर ती रोहू घेऊन बाहेर आली. ती तिनं भावाच्या ताटाशेजारी ठेवली. कच्ची, फाटक्या ओठाची. “हे माहेरवाशीन होती,” ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. “माह्या समोर आत्यानं हयद लावली हिले. तू मांगं उभा होता. त्या डोहाचं पानी ओंजळीत घेऊन बाबाले बोल देल्ला तुनं, अन् त्याच पान्यात टोटा फोडला. मासोळीचं जाऊ दे. मले इचारलं असतं तं काय मेला असता का तू?”

मोतीलालनं ताटातच हात धुतला. जेवण अर्धं टाकून पाहुणा उठतो तेव्हा घराची काय अब्रू राहते ते सांगायला नको. जाताना तो अनुसयापुढे थांबला आणि म्हणाला, “बाई, मले ठाऊक असतं तं मी आलो नसतो.” ते खरं असावं.

गाडी गेली तसा तेजरामचा गोडवाही गेला. “येवढा चांगला मानूस हातचा घालवला,” तो म्हणाला. “माही मुनीमी गेली. अन् कोनाच्या भरोशावर बोलतं? हे घर माहं हाय. खोली मले लागते. तुले पटत नसन तं आपला रस्ता पाह्य.” पुष्पलता दाराआड उभी होती. तीही कोणाची तरी लेक होती, पण तिनं तोंड उघडलं नाही.

अनुसया भांडली नाही. बोल मोडलेल्या माणसाला त्याचा बोल आठवून देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिनं दोन लुगडी, बापाची गरी आणि कंदील घेतला. हिरवं लुगडं पेटीवर ठेवून दिलं. ती रोहू पदरात घेतली आणि गोदाबाईच्या झोपडीत गेली. दोघींनी तिला काठावर पुरलं. गोदाबाईनं हळद आणली नाही. आपल्या वाट्याला एकच भाकर येते पण दोघी खाऊ, एवढंच म्हणाली.

सकाळी अनुसया विळा घेऊन डोंग्यात बसली. कळस, अर्जुन, काळा खडक, पायरी. थांबली. खाली वाकून सांगाड्याच्या दोराचं टोक शोधलं आणि ओढायला लागली. टोट्यानं अर्धा सांगाडा मोडलाच होता. उरलेला तिनं कापून कापून वर घेतला. बोरीचे काटे तळहातात शिरत होते, सरळही आणि वाकडेही. ती काढत बसली नाही. फांदीमागून फांदी काठाला नेऊन टाकली.

तेजराम काठावर आला. “बाई,” तो म्हणाला, पुन्हा त्या जुन्या गोड आवाजात, “कायले मोडून राह्यली वो? राहू दे ना. पुढच्या साली कामात येईल.”

अनुसयानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं शेवटची मोठी फांदी वर ओढली. तिच्या बेचक्यात, शेवाळात, बोटभर लांबीचं रोहूचं पिल्लू अडकून बसलं होतं. फांदी पाण्याबाहेर आली तरी ते सोडत नव्हतं. इतकं सगळं होऊनही ते तिथंच दडायला बघत होतं. अनुसयानं रक्ताळलेल्या बोटांनी ते अलगद सोडवलं आणि पाण्यात धरलं. ते तिच्या हातात थांबलं, फिरून फांदीकडेच वळायला लागलं.

“जा वो बाई,” ती म्हणाली. “दूर जा. हे घर आपलं नोहय.”